‘लंडन कॉलिंग’ आजही ताजा का वाटतो?

सूरवेडी
पंक रॉकची ओळख बहुधा दोन-तीन कॉर्ड, प्रचंड वेग आणि अडीच मिनिटांत संपणारा संताप अशीच करून दिली जाते. द क्लॅश या लंडनच्या पंक बँडचा डिसेंबर १९७९ मध्ये आलेला ‘लंडन कॉलिंग’ हा दुहेरी अल्बम नुकताच सलग ऐकला, तर त्यात जमैकातले रेगे आहे, तिथलेच स्का आहे, पन्नासच्या दशकातला रॉक अँड रोल आहे आणि ‘जिमी जॅझ’सारखी रमतगमत चालणारी चीजही आहे. असे असूनही हा अल्बम पंकच्या शिखरांमध्ये गणला जातो आणि त्या काळाशी काहीही संबंध नसलेल्या माझ्यासारख्या श्रोत्यालाही तो धरून ठेवतो. हे त्यातल्या संगीताचे यश मानावे की त्यामागच्या संतापाचे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तबकडी
माझ्या मते याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत आहे. लंडनमधल्या पिमलिको भागातल्या व्हॅनिला या तालमीच्या जागेत या चौघांनी आधी दीर्घकाळ एकत्र वाजवले आणि मगच ते हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत गेले. त्यामुळे गाणी हाताखालून गेलेली होती आणि निर्माता गाय स्टीव्हन्स याला फक्त ठिणगी टाकायची होती. ती तो अक्षरशः खुर्च्या फेकून टाकत असे!

‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’ नीट ऐका. व्हिन्स टेलरच्या १९५९ सालच्या या गाण्याची लय क्लॅशच्या हातात पुढे पुढे वाढत जाते. ड्रमवादक टॉपर हेडनला ते पुन्हा वाजवायचे होते, परंतु रॉक अँड रोल वेग घेतोच, असे म्हणून स्टीव्हन्सने तेच वादन कायम ठेवले. ध्वनिमुद्रणतज्ज्ञ बिल प्राइस याने मात्र प्रत्येक वाद्य स्वच्छ आणि भरदार ठेवले. एका बाजूला हा मोकाट सुटलेला जोर आणि दुसऱ्या बाजूला ही शिस्त, असा मेळ त्या काळच्या फार थोड्या पंक अल्बममध्ये सापडतो, आणि म्हणूनच आजच्या स्पीकरवरही तो जुनाट वाटत नाही.

पहिली धार
मी थोडा वेगळा विचार मांडतो. पंक म्हणून विचाराल, तर माझे मत १९७७ सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बमला आहे, कारण तिथे एक सूरही शोभेसाठी आलेला नाही. पण ‘लंडन कॉलिंग’मध्ये रेगे अचानक उगवला, असे कोणी समजू नये. त्या पहिल्याच अल्बममध्ये जमैकन गायक ज्युनियर मर्विनचे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हे रेगे गाणे त्यांनी सहा मिनिटे वाजवले होते. जमैकन वस्तीच्या शेजारात वाढलेल्या मुलांना ते संगीत परके नव्हतेच.

दक्षिणतीर
‘पहिली धार’ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडूनच ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’बद्दल लिहिले पाहिजे. बेस गिटार वाजवणारा पॉल सिमोनन स्वतः ब्रिक्स्टन या दक्षिण लंडनमधल्या भागात वाढला होता आणि हे गाणे त्यानेच लिहिले व गायले. त्याचा आवाज कसलेला नाही, पण पोलीस दारावर धडकल्यावर काय करणार, हा प्रश्न तो ज्या कोरड्या स्वरात विचारतो, त्यातला धोका कोणत्याही आरडाओरड्यापेक्षा अधिक जाणवतो. १९८१ च्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन दंगलींनी खरोखर पेटले, तेव्हा हे गाणे येऊन सव्वा वर्ष उलटले होते. पुढे १९९० मध्ये बीट्स इंटरनॅशनल या ब्रिटिश गटाने याच बेसच्या चालीवर ‘डब बी गुड टू मी’ रचले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. नाचणाऱ्यांपैकी अनेकांना मूळ गाणे ठाऊकही नसेल.

सूरवेडी, आपण संगीत आणि संताप यांपैकी एक निवडायला सांगता, पण हा अल्बम मला आवडतो तो त्यातल्या आस्थेमुळे. ‘लॉस्ट इन द सुपरमार्केट’ हे गाणे बँडचा गायक-गिटारवादक जो स्ट्रमर याने लिहिले ते बँडमधलाच गिटारवादक मिक जोन्स याच्या बालपणाची कल्पना करून, आणि गायला दिले जोन्सलाच. आपल्या सोबत्याचे एकटेपण इतक्या हळुवारपणे समजून घेणारा माणूस जेव्हा शीर्षकगीतात अणुदुर्घटना आणि पूर यांची भीती मांडतो, तेव्हा ती भीती घोषणा वाटत नाही. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातली दुर्घटना त्याच वर्षी मार्चमध्ये घडली होती. आज ती तारीख माहीत नसलेल्यालाही त्या गिटारच्या तुटक, ठाशीव ठोक्यांतून काहीतरी जवळ येत असल्याचे कळते.

तबकडी
दक्षिणतीर यांच्याशी पूर्ण सहमत. सूरवेडी, एक विनंती करतो: एकोणीसही गाणी एका दमात न ऐकता मूळ रेकॉर्डच्या चार बाजूंप्रमाणे ऐकावीत. पहिल्या व दुसऱ्या बाजूला पाच-पाच, तिसरीला चार आणि चौथीला पाच गाणी आहेत. ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ने दुसरी बाजू संपते, तिथे जरा थांबावे. शेवटचे ‘ट्रेन इन व्हेन’ मूळ वेष्टनावरच्या यादीत नव्हते, कारण ते अल्बममध्ये घ्यायचे ठरले तेव्हा वेष्टने छापून झाली होती.