चेक इंजिनची लाईट सारखी परत येते, २०१४ ची पेट्रोल गाडी, नाशिक

इंदिरानगरची:
नमस्कार मंडळी. बाबांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर, सीएनजी किट वगैरे काही नाही, रनिंग लाखाच्या पुढे गेलंय. आता रोज मीच वापरते, इंदिरानगर ते सातपूर एमआयडीसी, आणि अधूनमधून कसारा घाट उतरून ठाण्याला. गेल्या पावसाळ्यापासून डॅशबोर्डवर ती पिवळी इंजिनची लाईट लागायला लागली. गॅरेजला नेली की स्कॅनर लावतात, कोड उडवतात, लाईट जाते, थोडे दिवस बरं चालतं आणि परत हजर. आधी म्हणाले पेट्रोल खराब असेल, मग प्लग बदलले, मग ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणून तो नवीन टाकला, तो काही स्वस्त नव्हता, तरी लाईट आलीच. आता म्हणतायत कॅटकॉन (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बदलावा लागेल, आणि तो आकडा ऐकून बाबा म्हणाले गाडीच विकून टाकू.

मला विकायची नाहीये. इंजिन छान आहे, ऑइल पीत नाही, एसी लावून घाट चढते. त्रास म्हणाल तर सिग्नलला उभी असताना बारीक थरथर, आरपीएमचा काटा जरा खालीवर, आणि ॲव्हरेज कमी झालंय. चालताना काही जाणवत नाही. गॅरेजमधून कागदावर लिहून आणलेले कोड पी०१७१, आणि मध्ये एकदा पी०४२० पण आला होता. कॅटकॉनला पैसे घालायच्या आधी काय तपासून घ्यावं? आणि लाईट लागलेली असताना घाटातून न्यावी का, हे पण सांगा.

देवळाली_कॅम्प:
घाटाचं आधी सांगतो. लाईट नुसती लागून राहिली असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर जाऊन येऊ शकता, टेंपरेचर आणि ऑइलची लाईट तेवढी बघत राहा. पण लाईट ब्लिंक व्हायला लागली तर रेस सोडून बाजूला घ्यायची, ब्लिंक म्हणजे गाडी जोरात मिसिंग मारतेय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन तिथे पेटतंय, त्यात चांगला कॅटकॉन पण खराब होतो.

दुसरं म्हणजे आता कोणालाही कोड उडवू देऊ नका. एक ब्लूटूथ ओबीडी ॲडॅप्टर (गाडीचे कोड वाचणारा) घ्या, हजाराच्या आत येतो, स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात लावायचा आणि मोबाईलवर ॲप टाकायचं. आयफोन असेल तर विचारून घ्या, साधे ब्लूटूथवाले त्याच्याशी जोडत नाहीत. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ या प्रदूषण नियमातल्या नवीन चारचाकींना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या २०१४ च्या गाडीत हे सगळं बहुतेक दिसेल.

पाना_पक्कड:
ताई, मी स्कॅनिंगचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल.

पी०१७१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर खराब असं नाहीये. त्याचा अर्थ एवढाच की मिक्श्चर लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवून वाढवून त्याच्या लिमिटला पोचलाय. हे त्याला सांगितलं कोणी, तर ऑक्सिजन सेन्सरने. म्हणजे तो बिचारा खरं बोलत होता आणि त्यालाच काढून टाकला. शेजारच्याने आग लागली म्हणून ओरडायचं आणि आपण शेजाऱ्यालाच घराबाहेर काढायचं असं झालं ते. सेन्सरच्या स्वतःच्या बिघाडाचे कोड वेगळे असतात, पी०१३५ वगैरे, हीटरच्या सर्किटचा. आणि पी०४२० म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नाहीये असं ईसीयूला वाटतंय.

लाईट थोड्या दिवसांनी का येते तेही समजून घ्या. कोड उडवला की ईसीयूने शिकून ठेवलेली सगळी दुरुस्ती पुसली जाते आणि तो शून्यापासून सुरू करतो. मग हळूहळू पेट्रोल वाढवत जातो, लिमिटला पोचला की पहिल्या फेरीत कोड पेंडिंग म्हणून नोंदवतो आणि पुढच्या फेरीत पण तेच दिसलं तर लाईट लावतो. म्हणजे मधल्या दिवसांत गाडी बरी झालेली नसते, ईसीयूचं मोजणं चालू असतं. आणि उडवल्याने फ्रीझ फ्रेम पण जाते, ती तर सगळ्यात कामाची. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, कूलंट किती गरम, सगळं त्यात साठवलेलं असतं.

आता ॲडॅप्टर आला की एवढं करा. आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट. मग गाडी पूर्ण गरम करून, एसी बंद, न्यूट्रलला, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते आकडे, दोघांची बेरीज लिहून ठेवा. मग रेस देऊन २५०० आरपीएमला अर्धा-एक मिनिट धरा आणि परत बेरीज. बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक धरतो आम्ही. आयडलला खूप जास्त आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. उलट आयडलला बरं आणि लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पोचतंय, पंप, फिल्टर, इंजेक्टर, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर घाण झालाय. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका, कॅटकॉन तर नाहीच.

सिन्नर_फाटा:
मला वाटतं हे ई२० मुळे आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. माझ्या ओळखीत बऱ्याच जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज पडलंय. २०१४ ची गाडी ई२० साठी बनवलेलीच नाही, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून सेन्सरला लीन दिसतं. पंप पण चेक करा, जुन्या गाडीत टाकी कायम रिझर्व्हवर ठेवून चालवली असेल तर पंप लवकर जातो.

घाटमाथा:
पाना_पक्कड भाऊंचं पटतंय पण एक गोष्ट राहिली. ती आयडलची खूण एमएएफ सेन्सरवाल्या, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाडीत बरोबर लागू पडते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डवर (इंजिनला हवा वाटून देणाऱ्या नळ्यांवर) एमएपी सेन्सर असतो, तो दाबावरून हवा काढतो. तिथे चोरून आलेली हवा पण दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फार वर न जाता आयडलचा आरपीएमच चढतो. तर ताई आधी बोनेट उघडून बघा, एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपवर लगेच वायर जोडलेला सेन्सर आहे का. थर्मामीटरसारखा नुसता हवेचं तापमान मोजणारा पण तिथे असू शकतो, म्हणून सेन्सरवरचा पार्ट नंबर बघून खात्री करा.

आणि सायलेन्सरचं मॅनिफोल्ड पण तपासा. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गॅसकेट फुटलं असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सरला लीन दिसतं. सकाळी थंड इंजिन चालू करताना टिकटिक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, ती त्याची खूण.

इंदिरानगरची:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ॲडॅप्टर मागवला, मोबाईलला जोडला.

पार्ट नंबर शोधून पाहिला, एमएएफच आहे, आणि ॲपमध्ये पण ग्रॅम प्रति सेकंद असं येतंय. टिकटिक आवाज नाही, सकाळी बाबांना पण उभं करून ऐकलं. फ्रीझ फ्रेम अशी: आरपीएम ७६०, स्पीड ०, कूलंट ९२, लाँग टर्म +२१, शॉर्ट टर्म +६. म्हणजे गाडी उभी असताना लागलाय कोड, बहुतेक द्वारका चौकात, तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबावं लागतं. गरम करून न्यूट्रलला बेरीज +२३ आणि २५०० ला +७. म्हणजे हवा ओढतेय असंच ना? पंपाचा विषय संपला का?

पाना_पक्कड:
हो ताई, अगदी सरळ केस आहे. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात एवढ्याशा भेगेतून आलेली हवा मोठा हिस्सा होते. रेस दिली की फिल्टरमधून येणारी हवा कितीतरी वाढते, आणि चोरीची हवा त्यात दिसेनाशी होते. पंप कमजोर असता तर २५०० ला आणि घाट चढताना आकडा वाढायला हवा होता. पुढच्या वेळी कसारा चढताना शेजारी बसलेल्याला ॲप बघायला सांगा, तुम्ही चालवताना बघू नका, लोडवर आकडा शांत राहिला तर पंपाचं मन काढून टाका.

सिन्नर_फाटा भाऊंचा मुद्दा खोटा नाहीये पण एकट्या ई२० ने एवढं होणार नाही. शुद्ध पेट्रोलला १ भाग इंधनाला साधारण १४.७ भाग हवा वजनाने लागते, ई१० ला १४.१ च्या आसपास आणि ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे ई१० वरून ई२० वर गेलं की ईसीयूला साधारण चार-पाच टक्के पेट्रोल वाढवावं लागतं. तेवढं तो आरामात सांभाळतो. पण गाडीत आधीपासून बारीक लीक असेल, जे इतकी वर्षं लिमिटच्या जरा खाली राहून खपून जात होतं, त्यात हे चार-पाच टक्के पडले की लिमिट ओलांडली जाते. ही लिमिट कंपनीनुसार बदलते, पण साधारण २० ते २५ च्या घरात असते. माझ्याकडे अशा जुन्या गाड्या सध्या बऱ्याच येतात आणि लोक पेट्रोलला दोष देऊन लीक तशीच ठेवतात, त्याचं वाईट वाटतं, कारण लीक बंद केली तर गाडी ई२० वर पण बिनबोभाट चालते.

आता लीक शोधायची. फिल्टरचा डबा ते थ्रोटल बॉडी जो काळा रबरी पाइप आहे त्याच्या वळ्यांमध्ये बोट घालून वळी उघडून बघा, भेग वळीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. मग ब्रेक बूस्टरला जाणारा पाइप, आणि पीसीव्ही होज, जी इंजिनमधली वाफ मॅनिफोल्डला नेते. ही होज सतत गरम आणि ऑइलच्या वाफेत असते त्यामुळे दहा वर्षांत एकतर कडक होऊन चिरते नाहीतर लोण्यासारखी मऊ होते. ॲप चालू ठेवून पक्कडीत कापड धरून एकेक होज हलकीच दाबायची, ज्या होजला दाबल्यावर शॉर्ट टर्म धपकन खाली येतो तिच्यातच किंवा तिच्या पुढे काहीतरी आहे. पंख्यापासून हात आणि ओढणी लांब ठेवा. काही लोक कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून शोधतात, गरम इंजिनवर ते करू नका, पेट घेतो.

नाहीच सापडलं तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधा, मॅनिफोल्डमध्ये धूर सोडतात आणि जिथून धूर निघेल ती जागा. जायच्या आधी फोन करून स्मोक मशीन आहे का ते विचारा, सगळ्यांकडे नसतं.

देवळाली_कॅम्प:
आणि गॅरेजवाल्यांना "लाईट घालवा" असं सांगू नका. "आयडलला ट्रिम +२३ आहे, स्मोक टेस्ट करून लीक दाखवा" असं सांगा. बोलणंच बदलतं समोरच्याचं. कॅटकॉन आतून पोकळ करून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ निघून या. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय मागचा सेन्सर तेच पकडतो आणि पी०४२० कायमचा बसतो.

इंदिरानगरची:
सापडली!! होज दाबून बघितल्या, ब्रेक बूस्टरच्या पाइपने काही फरक नाही, पीसीव्हीच्या होजला पकड लावली तर शॉर्ट टर्म एकदम उणेमध्ये गेला. पण भेग काही दिसेना. मग दुसऱ्या एका गॅरेजला स्मोक टेस्ट करून घेतली, मॅनिफोल्डच्या खालून धुराची बारीक रेघ निघाली, त्या मुलाने मोबाईलचा कॅमेरा खाली घालून व्हिडिओ काढून दाखवला. होजचा जो कोपरा इंजिनकडच्या नळीवर बसतो तिथे खालच्या बाजूने चिरली होती, वरून बघितलं तर अगदी धडधाकट, हातात घेऊन वाकवली की तोंड उघडायचं, आणि रबर इतकं मऊ की नखाचा वळ उठत होता. नवीन होज आणि दोन क्लॅम्प टाकले, ऑक्सिजन सेन्सरच्या किमतीच्या जवळपास पण खर्च नाही.

आता न्यूट्रलला बेरीज +५ आणि २५०० ला +४. सिग्नलची थरथर गेली. कसाऱ्याला भाऊ शेजारी बसून बघत होता, चढावर पण आकडा तेवढाच राहिला. बाबांनी विकायचा विषय काढलेला नाही. आता दोन प्रश्न, हे उरलेले +५ आणखी काही शोधायला लावतील का, आणि त्या पी०४२० चं काय करू?

पाना_पक्कड:
छान केलंत. +५ तसेच राहू द्या, ते बहुतेक पेट्रोलमधल्या इथेनॉलचेच आहेत, दोन्हीकडे सारखे आहेत म्हणजे लीक नाही. एअर फिल्टर बदलताना फक्त एमएएफला ऑइलचा हात लागू देऊ नका.

पी०४२० साठी, होज बदलल्यावर कोड उडवला असेल तर ॲपमध्ये रेडिनेस (ईसीयूच्या कोणत्या तपासण्या पूर्ण झाल्या ती यादी) बघा, कॅटॅलिस्ट मॉनिटर अपूर्ण दाखवत असेल तर ईसीयूने अजून कॅटकॉन तपासलेलाच नाही. त्यासाठी पूर्ण गरम गाडी एकसारख्या स्पीडने बराच वेळ चालावी लागते, शहरात ते होत नाही, ओझरच्या बाजूला हायवेला घेऊन जा. तो पूर्ण झाल्यावर गरम गाडीत २५०० ला दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बघा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा नाचायला हवा, मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर. मागचा पण पुढच्यासारखाच नाचत असेल तरच कॅटकॉनकडे वळू.

इंदिरानगरची:
ओझरपर्यंत आणि पुढे पिंपळगावपर्यंत जाऊन आले. कॅटॅलिस्ट मॉनिटर पूर्ण, पेंडिंगमध्ये काही नाही, मागचा सेन्सर ०.६५ च्या आसपास हलकासा हलतोय. स्क्रीनशॉट जपून ठेवलेत, सर्व्हिसिंगला दाखवायला.

सिन्नर_फाटा:
ताई, होजचा पार्ट नंबर बिलावर असेल तर इथे टाका ना. माझ्या भावाची गाडी पण त्याच साइजची, तशीच सिग्नलला थरथरते, उद्याच ॲडॅप्टर लावून बघतो.