प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आजीविषयी कसे लिहावे? मदत हवी आहे

नमस्कार. माझा पीएच.डी.चा प्रबंध पुढील महिन्यात सादर करायचा असून केवळ ऋणनिर्देशाचे पान अडले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मी शिकलो; मात्र तिथवर मला पोहोचवले ते शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या आजीने. दर सोमवारी ती पदराची गाठ सोडून घामाने ओलसर झालेल्या दहा-दहाच्या नोटा माझ्या हातावर ठेवी आणि मी एस.टी.त चढेपर्यंत फाट्यावर उभी राही. दहावीनंतर शिक्षण सोडायला निघालो, तेव्हा गणिताच्या गुरुजींनी सायकलवरून घरी येऊन प्रवेशाचा अर्ज स्वतः भरला होता.

प्रथेप्रमाणे मार्गदर्शकांचा उल्लेख आधी आणि कुटुंबाचा शेवटी येतो. विद्यापीठाचा नियम आड येत नसेल, तर आजीला पहिले स्थान दिलेले चालेल का? ती आता हयात नाही; तिच्या नावामागे ‘कै.’ लिहावे, की नुसते ‘आजी’ म्हणावे? ‘आभार’ हा शब्द तिच्यासाठी मला फारच परका वाटतो. ज्यांनी असे पान लिहिले आहे, त्यांनी आपली शब्दयोजना कृपया कळवावी.