स्तनपान सल्लागारांची संघटना: आईसाठी की सल्लागारांसाठी?

जुळे_सोलापूरकर

हल्ली आपल्याकडे बाळंतीण घरी येते न येते तोच मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. 'सर्टिफाइड लॅक्टेशन एक्स्पर्ट', घरी येऊन सल्ला, फी अमुक. भाचीच्या बाळंतपणात आम्ही अशा दोघींना गाठलं. पहिलीने व्हिडिओ कॉलवर बाळ अंगावर घेतलेलं बघितलंसुद्धा नाही. निपल शील्ड, म्हणजे बोंडावर लावायचं पातळ टोपण, घ्या म्हणाली, आणि ते विकणार पुन्हा तीच. दुसरी घरी आली, हात धुतले आणि बाळ आपणहून सोडेपर्यंत जमिनीवर मांडी घालून नुसती बघत बसली. मग म्हणाली, "हनुवटी छातीला टेकत नाहीये. नुसतं बोंड तोंडात आहे, भोवतालचा काळा भाग सगळा बाहेर राहतोय. म्हणून दुखतंय." बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबली आणि मग जवळ घेतलं. थोड्या वेळाने घोट गिळल्याचा आवाज यायला लागला.

प्रमाणपत्र दोघींकडेही होतं. पहिलीबद्दल तक्रार करायची तर कुठे? डॉक्टरची मेडिकल कौन्सिलकडे होते, नर्सची नर्सिंग कौन्सिलकडे. इथे दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेलीही तज्ज्ञ आणि शेकडो तास प्रत्यक्ष मातांसोबत काम करून परीक्षा दिलेलीही तज्ज्ञच.

या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटना १९८५ पासून आहे. परीक्षा घेणारं मंडळही त्याच वर्षीचं, पण वेगळं. मला ही विभागणी पटते. मंडळाने पात्रता तपासावी, वागणुकीच्या तक्रारी ऐकाव्यात, दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करायला लावावं. संघटनेने शिकवत राहावं आणि व्यवसायाची बाजू मांडावी. पण ते मंडळ परदेशात, आणि आपल्याकडच्या बहुतेक जणी त्याच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणून सोलापुरात, निदान महाराष्ट्रात, सल्लागारांनी एकत्र येऊन उघड यादी काढावी: कुणी कोणतं प्रशिक्षण घेतलंय, कोण काय विकतं, तक्रार कुणाकडे करायची. तुम्हाला काय वाटतं?

अशोक_चौक

आणखी एक संघटना! अध्यक्ष, कार्याध्यक्ष, शाल-श्रीफळ आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाचा बॅनर. एवढंच होतंय बघा.

ताई, तुम्ही फी देऊ शकणाऱ्यांचं बोलताय. आमच्या पूर्व भागात या. बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसते, पोर रडलं की सूप बाजूला, हात लुगड्याला पुसले की घेतलं अंगावर. तंबाखूचा हात धुवायला उठली तर तेवढ्या विड्या कमी, मजुरी विड्यांवर. तिला कोण सांगणार? सासू, नाहीतर आशाताई. तुमच्या यादीत या दोघी बसतात का?

आणि संघटना झाली की पुढची मागणी ठरलेली: आमच्याशिवाय कुणी सल्ला देऊ नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हेच झालं. पैसे घेऊन स्तनपानाची मदत करायची तर परवाना हवा, आणि परवाना त्या एकाच आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रावर, असा कायदा २०१६ मध्ये झाला. वर्षानुवर्षं वस्त्यांमधून काम करणाऱ्या बायका बाहेर पडायची वेळ आली. त्या कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. आपल्याला तो उद्योग कशाला?

जुळे_सोलापूरकर

परवाना आणि संघटना यांची गल्लत करू नका. मी कुणाला कामावरून उठवा म्हणत नाही. जी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून पैसे घेते, तिने स्वतःला काहीतरी नियम बांधून घ्यावेत, एवढंच. सासू पैसे घेत नाही, शील्डही विकत नाही.

बालरोग_एमडी

संघटना नाही असं कुणी सांगितलं? बीपीएनआय, म्हणजे स्तनपानाला प्रोत्साहन देणारं राष्ट्रीय जाळं, १९९१ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला सुरू झालं. बेबीफूड कंपन्यांचा पैसा घेत नाही. नवं दुकान काढण्याआधी त्यांच्या प्रशिक्षणाला जाऊन या.

खरा मुद्दा पैशाचा आहे. बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे, बाटल्या यांच्या विक्रीवरचा कायदा १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक झाला. कंपनीने आरोग्य कर्मचाऱ्याला किंवा त्यांच्या कुठल्याही संघटनेला परिषद, सेमिनार, कोर्स, फेलोशिप, कशासाठीही पैसे द्यायचे नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी हॉटेलातली जेवणं कोण देतं, हे आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. पंप, बाटल्या, शील्डवाले तर दारात उभेच असतात. तुमची संघटना पहिल्या अधिवेशनाचा खर्च कुठून काढणार, ते आधी सांगा.

दुसरं, आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली, पण पहिल्या तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्के. म्हणजे बाई आमच्या ताब्यात असतानाच घोडं अडतं. सिझेरियन झालं की बाळ एकीकडे, आई एकीकडे, आणि नातेवाइकांच्या हातात डब्याची चिठ्ठी. हे काम लेबर रूममधल्या सिस्टरांचं आणि आमचं आहे. बाहेरून तज्ज्ञ आणून ते भरून निघणार नाही.

हुरडा_पार्टी

आमच्या आज्जीने आठ पोरं वाढवली. आळिवाचे लाडू, बाळंतशेपा, खसखशीची खीर. कुठली असोसिएशन आली होती ओ?

बालरोग_एमडी

आठही जगली असतील तर आज्जींचं नशीब चांगलं. त्याच काळात पहिला चीक पिळून टाकायचे आणि मध चाटवायचे, तेही आज्ज्यांनीच.

लॅक्टेशन_वाली

मी या व्यवसायात आहे, म्हणून जरा तिखट बोलते. डॉक्टरसाहेब, काम तुमचं आहे हे मान्य. पण ओपीडीत शंभर पेशंट असताना एका आईचं संपूर्ण पाजणं तुम्ही कधी बसून बघितलंय? तेच आमचं काम. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मी नोकरी केली. पदनाम 'पेशंट को-ऑर्डिनेटर', अर्धा दिवस बिलिंगच्या खिडकीवर. पाजायला शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, असं तिथे कुणी धरलंच नव्हतं. आंतरराष्ट्रीय परीक्षेची फी डॉलरमध्ये, वर ९५ तासांचं शिक्षण, वर प्रत्यक्ष कामाचे तास, तेही कमीत कमी तीनशे.

वकिलांची बार असोसिएशन असते, सीएंची असते, डॉक्टरांची आयएमए तर आहेच. त्यांनी दर ठरवले, मागण्या मांडल्या की तो व्यावसायिक हक्क. आमचं नाव निघालं की सगळ्यांना सेवाभाव आठवतो. संघटना आईसाठी की सल्लागारांसाठी, असं शीर्षक ताईंनी दिलंय. दोघींसाठी का नसावी? पोटभर पगार मिळाला तर शील्ड विकायची वेळ कुणावर येणार नाही.

आणि शील्ड सरसकट वाईट नसतं. काही वेळा, थोडे दिवस, नजरेखाली, उपयोग होतो. न बघता विकणं वाईट.

अशोक_चौक

पगाराचं बोला, मी तुमच्या बाजूने. पण मग ती युनियन झाली. सोलापूरला युनियन नवी नाही, विडी कामगारांनी लढून घरं मिळवलेलं गाव आहे हे. तक्रारनिवारणाचा मुखवटा लावू नका. स्वतःच्या सभासदावर कारवाई करणारी संघटना मी अजून बघायची आहे.

जुळे_सोलापूरकर

म्हणूनच तक्रार समितीवर बाहेरची माणसं हवीत. त्यात निदान दोघी तरी बाळंतपण झालेल्या बायका. आणि डॉक्टरसाहेब, अधिवेशन नकोच. कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून बसा.

आशा_कुंभारी

सगळं वाचलं. मी आशा आहे. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाकडे आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. लघवी किती वेळा झाली विचारतो, वजन करतो. सहा महिने पाणीसुद्धा नको म्हणून सांगतो, तरी उन्हाळ्यात आमच्या पाठीमागे चमच्याने पाजतातच. चाळीस-बेचाळीस डिग्रीत "घसा सुकंल की ओ लेकराचा" म्हणतात, त्यांना अंगावरच्या दुधातच पाणी आहे हे पटवावं लागतं.

एवढं मला जमतं. पण छाती दगडासारखी झाली, गाठ आली, ताप आला, किंवा जुळी आहेत आणि वजन वाढेना, तेव्हा मी सिव्हिलला जा म्हणते. रिक्षाचे पैसे, दिवसभराची विडी बुडते. बाई जात नाही, दुकानातून पावडरचा डबा आणते आणि तो लवकर संपू नये म्हणून पातळ करून पाजते.

संघटना काढायची तर काढा, मला विरोध करायचा नाही. माझं नाव यादीत असलं काय, नसलं काय. मला अडल्यावर फोन उचलणारं कुणीतरी पाहिजे, फुकट. आणि माझ्या भागात निम्म्या बायका तेलुगू बोलतात, काही कन्नड. तेलुगू येणारी कुणी सल्लागार असेल तर आधी तिचा नंबर द्या, यादी मागनं करत बसा.

लॅक्टेशन_वाली

ताई, मेसेज केलाय. तेलुगू मला मोडकं येतं. संध्याकाळी सातनंतर कधीही फोन करा, आणि ताप असेल तर सातची वाट बघू नका.