मदत हवी आहे: पायथनमधला गडाचा खेळ 'बाहेर' म्हटलं तरी संपत नाही

नमस्कार. पायथन शिकताना गडावर फिरायचा मजकुरी खेळ लिहितोय. महादरवाजा, माची, टाकं, अंबरखाना, बालेकिल्ला अशा पाच जागा. प्रत्येकीचं वेगळं फंक्शन, त्यात व्हाइल लूप आणि इनपुट. पुढे गेलं की त्या जागेचं फंक्शन बोलावतो. अडचणी अशा:

१. 'बाहेर' टाइप केल्यावर "खेळ संपला" छापतं, पण लगेच मागच्या जागेचा "आता काय करायचं?" हा प्रश्न येतो. चार जागा ओलांडल्या असतील तर चारदा 'बाहेर' म्हणावं लागतं.
२. 'जा उत्तर' चालतं, 'उत्तरेला जा' चालत नाही.
३. टाक्यापाशी काहीही टाइप केलं तरी दिवा उचलला जातो. अट अशी आहे: इफ आज्ञा == "घे" ऑर "उचल"

प्रतिसाद १

तिसरी आधी, ती सोपी आहे. 'ऑर'नंतरचं "उचल" कशाशीच ताडलं जात नाही. रिकामी नसलेली स्ट्रिंग पायथन खरीच धरतो, त्यामुळे अट कायम खरी. दोन्ही शब्दांची लिस्ट करून 'इन'ने तपासा.

पहिलीचं मूळ रचनेत आहे. महादरवाज्याचं फंक्शन संपलेलं नसतं, ते माचीचं फंक्शन परत येण्याची वाट बघत थांबलेलं असतं. ब्रेकने फक्त सगळ्यात आतला लूप तुटतो. सिस डॉट एक्झिट (अख्खा प्रोग्रॅम तिथेच थांबवणारी आज्ञा) टाकून लक्षण जाईल, पण तसं करू नका. पुढे आज्ञांची मोठी फाइल देऊन खेळ तपासायला गेलात, की एकात एक अशी साधारण हजार फंक्शनं अडकल्यावर रिकर्शन एरर येईल.

जागा म्हणजे माहिती, कृती नव्हे. एक मोठी डिक्शनरी करा: तिची 'की' (शोधायचा शब्द) म्हणजे जागेचं नाव, आत 'वर्णन', 'वस्तू' आणि 'वाटा'. 'वाटा' हीसुद्धा डिक्शनरीच, दिशेवरून पुढच्या जागेचं नाव सांगणारी. मग अख्ख्या खेळात एकच व्हाइल लूप आणि 'इथे' नावाचं एक व्हेरिएबल. चालणं म्हणजे 'इथे'ची किंमत बदलणं, एवढंच. वाट शोधताना चौकटी कंसाऐवजी गेट वापरा, म्हणजे नसलेल्या दिशेला 'की एरर' येऊन खेळ बंद पडण्याऐवजी नन (काहीच नाही) मिळेल आणि "तिकडे कडा आहे" असं सांगता येईल.

लूपच्या आधी प्रत्येक वाटेचं टोक डिक्शनरीत आहे का, हे तपासून घ्या. एका ठिकाणी 'माची' आणि दुसरीकडे 'माचि' झालं, तर एरवी ते खेळणारा तिथे पोचल्यावरच कळतं.

प्रतिसाद २

दुसऱ्या अडचणीबद्दल. इंग्रजी धड्यांत पहिला शब्द क्रियापद धरतात. मराठीत ते शेवटी येतं, म्हणून स्प्लिटनंतर शेवटचा शब्द आज्ञा माना.

'उत्तरेला', 'उत्तरेकडे' यांसाठी जुनी युक्ती कामी येते. १९७०च्या दशकातला 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' हा मजकुरी खेळ शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघायचा. तो चालायचा त्या पीडीपी-१० संगणकाच्या ३६ बिटांच्या एका कप्प्यात ७ बिटांची पाचच अक्षरं मावत. पायथन काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजतो, त्यामुळे पाचाचा तुकडा घेतला की 'उत्तर', 'दक्षि', 'पूर्व', 'पश्चि' उरतं. पुढे 'ला' असो वा 'कडे', चारही दिशा बरोबर ओळखू येतात. वस्तूंना मात्र हे चालत नाही: 'दिव्याला'चा तुकडा 'दिव्य', तो 'दिवा'शी जुळणार नाही. तिथे सामान्यरूपांची छोटी डिक्शनरी हाताने लिहावी लागते.

'पायऱ्या' शब्द ठेवणार असाल तर सांभाळा. ऱ हे एकच चिन्ह असू शकतं किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी दोन; दिसायला सारखं, पण == खोटं सांगतं. युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझने एनएफसी (जोडलेलं, एकसारखं) रूप करून घ्या. काही कीबोर्ड र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देतात. ते एनएफसीने जुळत नाही, रिप्लेसने वेगळं बदलावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ता

एकच लूप केला, 'बाहेर' एकदाच पुरतं. याच रचनेत खेळ जतन करता येईल का?

प्रतिसाद १

हो. 'इथे', हातातल्या वस्तू आणि प्रत्येक जागी उरलेल्या वस्तू जेसन फाइलमध्ये (माहिती साठवायचा साधा मजकुरी प्रकार) लिहा. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, नाहीतर विंडोजवर देवनागरी अडू शकते. वस्तू सेटमध्ये असतील तर आधी लिस्ट करा, जेसन सेट घेत नाही.