मदत हवी आहे: नऊवारीतलं पात्र हालचालीत कसं उभं करू?

नमस्कार मंडळी, मी गेमसाठी कॅरेक्टर कॉन्सेप्ट आर्ट करते, म्हणजे पात्रं कशी दिसतील याची चित्रं काढते. पूर्वी माझा सगळा जीव रेंडरिंगमध्ये, म्हणजे रंग-छायेच्या बारीक कामात असायचा. आता आधी काळ्या सिल्हूटची छोटी थंबनेल्स काढते, नुसत्या आकारावरून पात्र ओळखू आलं तरच रंगाला हात लावते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

आता अडतंय ते कपड्यांपाशी. सध्याचं पात्र नऊवारीतली घोडेस्वार आहे. उभ्या पोझमध्ये काष्टा जमतो, पण रिकिबीत पाय टाकताना चुण्या नेमक्या कुठून ताणल्या जातात? टर्नअराउंड शीटमधली (तेच पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारं चित्र) मागची बाजू तर निर्जीवच दिसते. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली जुनी वस्त्रं सुंदर आहेत, पण ती स्थिर. लावणीच्या तालमीत बसून स्केचेस कुणी केलीत का? की स्वतः नेसून व्हिडिओ काढावा?