तळी काठोकाठ भरलीत, मग बदकं कुठं गेली? (कोल्हापूर: कळंबा, रंकाळा, राजाराम तलाव)

कात्यायनी_रोड

नमस्कार मंडळी, दोन गोष्टी विचारायच्यात, जरा लांबण लागंल, समजून घ्या.

आमचे बाबा आता ८१ चे. तरुणपणी बारा बोअर घेऊन बदकांच्या मागं हिंडायचे, लायसन होतं, तेव्हा परवान्यावर चालायचं. पुढं शिकार बंद झाली आणि बंदूक कपाटात गेली, इलेक्शन लागलं की ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची एवढंच तिचं फिरणं उरलं, शेवटी दोन वर्षांखाली तीपण सरेंडर केली. पण मन अजून तळ्यावरच हाय. दिवाळी झाली की विचारतात, "आली का रं पाखरं?" मागच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता लांबचं लख्ख दिसतंय, म्हणून रविवारी पहाटे त्यांना कळंब्यावर नेलं.

तळं तुडुंब. पाणी पार गवतापर्यंत टेकलेलं. आणि पाण्यावर काय, तर वारकरी (ती काळी पाणपाखरं), चार टिबुकल्या, खांबावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे, संपलं. एकही तलवार बदक न्हाई, थापट्या न्हाई. बाबा अर्धा तास काठीवर हात ठेवून बघत उभे होते, मग एवढंच म्हणाले, "पाणी लई हाय, पाखरू बसंल कुठं?" परत येताना गाडीत एक शब्द बोलले न्हाईत. मला ते फार लागलं.

तर पहिला प्रश्न, यंदा पाऊसपाणी चांगलं असून पक्षी कमी का? आणि आसपास कुठं नेलं तर त्यांना बदकं दिसतील? फार चालवत न्हाई त्यांना, गाडीपासून दोनशे पावलं, बास.

दुसरा प्रश्न जरा वेगळा. मेव्हण्याच्या गावच्या तळ्यावर (गावाचं नाव मुद्दाम देत न्हाई) संध्याकाळी गेलो तर पाणकणसात दोन बांबू रोवून मधी बारीक नायलॉनचं जाळं लावलेलं, पाण्यापासून हातभर वर, अंधारात दिसणारच न्हाई असं. जाळ्यात एक पीस अडकलं होतं, राखाडी, आणि तिरकं धरलं की त्यावर हिरवी चमक. तिथला एक पोरगा म्हणाला पार्टीला लागतंय. मी काय करायला पाहिजे होतं?

पाणथळ_वही

दादा, बाबांनी एका वाक्यात उत्तर दिलंय, मी फक्त इस्कटून सांगतो.

आपल्याकडं हिवाळ्यात येणारी बरीचशी बदकं, म्हणजे तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, ही सूर मारून खाणारी न्हाईतच. ती डोकं पाण्यात घालून शेपूट वर करतात आणि मान पोचंल तिथवरचं खातात. मान पोचणार किती? वीतभर, फार तर हातभर. म्हणजे त्यांना उथळ कड पाहिजे, मऊ चिखल पाहिजे, पाणी हळूहळू मागं सरकताना उघडं पडणारं गवताचं बी आणि आळ्या पाहिजेत. तळं काठोकाठ भरलं की ती कड बुडते. मग खोल पाण्यावर फक्त बुडी मारणारेच उरतात, वारकरी, टिबुकली, पाणकावळा. तुम्ही बघितलेली यादी नेमकी तीच हाय, बघा की.

त्यामुळं एका तळ्यावर पक्षी न्हाईत म्हणजे जिल्ह्यात पक्षी न्हाईत असं धरू नका. चांगल्या पावसाच्या वर्षी ती पांगतात, प्रत्येक गावतळं, खण, भाताचं पाणी साठलेलं शेत, सगळीकडं थोडी थोडी बसतात. दुष्काळात उलटं होतं, दोन-तीन तळ्यातच पाणी उरतं आणि सगळी तिथं गोळा होतात, आपल्याला वाटतं यंदा लई आली. पंधरा वर्षं वही ठेवतोय, जानेवारीत पाणी खाली जाऊन कड उघडी पडली की संख्या वाढते हे जवळपास दरवर्षी बघितलंय. थोडा दम धरा.

आता कुठं न्यायचं. रंकाळ्यावर टॉवरच्या बाजूला गर्दी आणि भेळेच्या गाड्या, तिकडं नको, परताळ्याच्या अंगाला पाणवनस्पती हाय तिथं सकाळी सातच्या आत बघा. राजाराम तलाव विद्यापीठाजवळ हाय, गाडी जवळ लागते, बाबांना सोपं. सूर्य पाठीमागं ठेवा, न्हाईतर सगळं काळं दिसंल आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तिरीप पण लागंल. दुर्बीण ८×४२ ची घ्या, जास्त पॉवरची म्हाताऱ्या हातात हलते.

एक काम सांगतो. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू हाय. बाबांना मोजायला बसवा. जुना शिकारी जसा थवा मोजतो तसा आपल्यातला कोण मोजत न्हाई. थव्यातली दहा डोक्यात धरायची, ते दहाचं माप पुढं पुढं ठेवत जायचं, उडायच्या आत.

बंधाऱ्यावरचा

मी शिरोळकडचा, शेती करतो, शास्त्र मला कळत न्हाई, बघितलेलं सांगतो.

नदीवर पण तसंच हाय. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालत्यात आणि मागं पाणी फुगतंय, दोन्ही काठाची पुळण बुडती, मग पाखरू तिथं टेकतच न्हाई. आमच्यात नदीपेक्षा क्षारपड रानात जास्त पाखरं असत्यात. उसाला पाणी पाजून पाजून मीठ वर आलेलं रान, त्यात काय पिकत न्हाई, घोट्याएवढं पाणी साचून ऱ्हातंय. मालकाला बघून रडू येतंय आणि शेकाट्यांची, तुतवारांची चंगळ. हळदी-कुंकू तर बारा महिने. थंडी पडली की बारीक बदकं येत्यात, रात्री डोक्यावरनं जाताना पंखांचा शिट्टीगत आवाज येतोय, मोटर चालू करायला गेलो की ऐकतो.

केंदाळ वाढलं की मात्र सगळं बाद. हिरवी सतरंजी हातरल्यागत पाणी झाकलं जातंय, बदकाला उतरायला जागाच ऱ्हात न्हाई.

बाबास्नी घेऊन या एकदा. बांधापर्यंत गाडी येती, खुर्ची मी आणून ठेवतो.

काळा_कोट_कोप

जाळ्याबद्दल लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातली उरलीसुरली परवान्याची वाट १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं न्हवे, जाळं लावणं, फास लावणं, दाण्याला विष लावणं, आणि हे करायचा प्रयत्न करणं, सगळं शिकारच. अंडी-घरटी नासवणं पण त्यातच येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर बदकाच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मांस जवळ सापडलं तरी गुन्हा.

आता तुम्ही काय करायचं. जाळं स्वतः उचकटू नका. एक तर पुरावा जातो, दुसरं म्हणजे संध्याकाळी तळ्यावर एकटं भांडण अंगावर घेऊ नये. लांबून फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला लावा. फोनवर भागलं असं समजू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माझ्या एका अशिलानं नुसता फोन केला होता, संबंधित ऑफिसातनं "बघतो" म्हणाले आणि चार दिवस कोण फिरकलंच न्हाई, तोवर जाळं पण गायब. लेखी दिल्यावर मात्र हललं.

तांबडा_पांढरा

राग मानू नका पण एक विचारतो. पार्टीला दोन बदकं मारली तर एवढं काय बिघडतंय? पूर्वी सगळेच खायचे की. राधानगरीचं जंगल पण आधी शिकारीसाठीच राखलेलं ना?

पाणथळ_वही

भावा, राखलेलं होतं, खरंय, संस्थानच्या काळात. १९५८ ला तिथं अभयारण्य झालं. पण जाळं दोन बदकं बघून थांबत न्हाई. रात्रभर लावून ठेवलं की जो येईल तो अडकतो, बदक, पाणकोंबडी, घुबड सुद्धा, आणि सकाळपर्यंत पंख मोडून लटकत ऱ्हातो. मी सोडवलेत असे, बोटं थरथरतात. त्या पिसावरची हिरवी चमक सांगितलीत ना, ते बहुतेक चक्रांग असणार, ओंजळीत मावंल एवढं बदक. तेवढं पाखरू हिमालयाच्या पलीकडनं उडत येतं हो. ते हितं येऊन नायलॉनच्या दोऱ्यात मरावं हे मला सहन होत न्हाई, स्पष्ट सांगतो.

सॅक्रामेंटोतला_शाहूपुरीकर

मी गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथं बदकांची शिकार अजून कायदेशीर चालते म्हणून माहिती देतो, हिरीरीनं तुलना करायची नाही. इथं सीझन ठरलेला, एका माणसाला दिवसाला सात बदकं, त्यातही कुठल्या जातीची किती हे वेगळं. शिकाऱ्याला दरवर्षी २५ डॉलरचं डक स्टॅम्प घ्यावं लागतं, ही पद्धत १९३४ पासूनची, आणि त्या पैशातनं पाणथळ जागा विकत घेऊन राखतात. त्यांची हवाई मोजणी १९५५ पासूनची आहे, आकडे बघून पुढच्या वर्षीचे नियम ठरतात.

एक गोष्ट बाबांना नक्की सांगा. शिशाचे छर्रे चिखलात पडून राहतात, बदकं अन्न दळायला खडे गिळतात तसे तेही गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून इथं बदकांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद झाले, तेही १९९१ मध्येच. वरती कोटवाल्या काकांनी तेच साल लिहिलंय ते वाचून थांबलो.

कात्यायनी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय.

तक्रार लेखी दिली, पोच घेतली. माणसं आली, जाळं काढून नेलं, बांबू मी स्वतः बघितले काढलेले. कोण पकडलं गेलं न्हाई.

छर्र्यांचं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलं न्हाई रं."

आणि काल शिरोळला जाऊन आलो. बंधाऱ्यावरच्या दादांनी खरंच खुर्ची मांडून ठेवलेली, वर चहा आणि हुरडा. धुकं उठत होतं तेव्हा आधी फक्त आवाज, किर्रिक किर्रिक असा, रातकिड्यासारखा. बाबा म्हणाले, "चक्रांगाचा नर हाय, उजवीकडं बघ." मला काय दिसंना. धुकं सरलं तर खरंच उजवीकडं, तपकिरी डोकं, डोळ्यावर हिरवा पट्टा. त्यांच्यापलीकडं थापट्या गोल गोल फिरत होते, एकामागं एक, चमच्यासारखी चोच पाण्यात बुडवून, चाळणीनं पीठ चाळावं तसं पाणी गाळत. बाबांनी दहा-दहाचं माप ठेवत मोजले, मी वहीत लिहिलं, तीनदा मोजायला लावलं मला आणि तिन्ही वेळा माझं चुकलं.

गणनेला येतोय आम्ही दोघं. पाणथळवाले दादा, कळंब्याची कड तोवर उघडी पडंल का? पडली तर सांगा, सांडव्याच्या बाजूनं गाडी लावू.

पाणथळ_वही

आज सकाळीच जाऊन आलो. पाणी दोन हात मागं सरकलंय, चिखल दिसायला लागला. या, सहाला. बाबांना कानटोपी घाला, तळ्यावर गारठा लई हाय.