‘अल्मा’ म्हणजे तरुणी की कुमारिका?

धागाकर्ता: बायबलच्या जुन्या करारात यशया ७:१४ मध्ये मूळ हिब्रूत ‘अल्मा’ला मुलगा होईल असं म्हटलंय. ख्रिस्ती परंपरा ते कुमारिकेपोटी येशू जन्मण्याचं भाकीत मानते. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलात तिथे ‘व्हर्जिन’ (कुमारिका) छापलं. माझ्या मते हे सरळ चुकीचं आहे. ‘अल्मा’चं पुल्लिंगी रूप ‘एलेम’. १ शमुवेल १७:५६ मध्ये शौल राजा दावीदाला ‘एलेम’ म्हणतो, तिथे सगळे बिनतक्रार ‘तरुण’ असाच अर्थ घेतात. मग बाईच्या बाबतीतच कौमार्य कुठून आलं? त्यासाठी ‘बतुला’ हा शब्द होता की! १९५२ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या इंग्रजी बायबलने ‘यंग वूमन’ केलं, तर नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पाद्र्याने ते पानच जाळलं.

प्रतिसाद १: साफ असहमत. ‘पार्थेनोस’ (कुमारिका) हा ग्रीक शब्द तिथे घातला तो जुन्या कराराच्या ज्यू भाषांतरकारांनीच, तोही ख्रिस्ताच्या आधी. येशूच्या जन्माची कथा सांगताना शुभवर्तमानकार मत्तयाने तो तयारच उचलला. आणि रिबकेचं काय? उत्पत्ती २४ मध्ये तीच मुलगी १६व्या वचनात ‘बतुला’ आणि ४३व्यात ‘अल्मा’ आहे.

धागाकर्ता: रिबका तरुणही होती आणि कुमारिकाही. म्हणून दोन्ही शब्दांचा अर्थ एक होत नाही. ‘पार्थेनोस’चंही तसंच. उत्पत्ती ३४:३ त्याच ग्रीक भाषांतरात वाचा. शखेमने दीनावर अत्याचार केल्यानंतरही तिला ‘पार्थेनोस’च म्हटलंय.

प्रतिसाद २: दादा, तुम्ही ‘बतुला’ला फार काटेकोर धरताय. योएल १:८ मधली बतुला गोणपाट नेसून आपल्या तरुणपणच्या नवऱ्यासाठी आक्रोश करते. मला तर मराठी बायबलमधला ‘कुमारी’ इंग्रजीपेक्षा जवळचा वाटतो. शाळेच्या दाखल्यावर ‘कु.’ लिहितात तेव्हा मुलीचं वय आणि अविवाहितपण एवढंच कळतं, त्यापुढची चौकशी त्यात नसते.

प्रतिसाद १: योएलचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग ‘अल्मा’ही तितकाच सैल धरा ना! ‘व्हर्जिन’ला हद्दपार कशाला करायचं? १९५२ वाल्यांनीसुद्धा तळटीपेत ‘किंवा व्हर्जिन’ ठेवलंच आहे.

धागाकर्ता: तळटीपेत राहू दे, वरच्या मजकुरात नको. पुढचं १६वं वचन पाहा. त्या मुलाला बरंवाईट कळायच्या आत, यहूदाच्या आहाज राजाला ज्यांची धास्ती आहे त्या दोन राजांचा देश ओसाड पडेल. अराम आणि इस्राएलच्या फौजा यरुशलेमवर चालून आल्या असताना आहाजला दिलेली ही खूण आहे. ती त्याच्या हयातीतच पटायला हवी. ७०० वर्षांनंतरच्या येशूच्या जन्माने त्याला कसला धीर येणार होता?